बंद पडलेला रेल्वेमार्ग पर्यटकांसाठी पुन्हा सुरू करायचा झाल्यास आधी काय तपासावे?

पांथस्थ (धागाकर्ता)

बंद पडलेला एखादा रेल्वेमार्ग पर्यटनासाठी पुन्हा सुरू करावा, अशी मागणी जगात कुठे ना कुठे सतत होत असते, आणि ती ऐकायला इतकी गोड असते की तिच्याविषयी शंका काढणारा माणूस आपोआप अरसिक ठरतो. रूळ जागेवर असतात, स्थानकाची दगडी इमारत उभी असते, पलीकडे डोंगर किंवा समुद्रकिनारा असतो आणि रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी मोटारींच्या रांगा लागलेल्या असतात. मग घोडे अडते कुठे, असा प्रश्न कुणालाही पडावा. मलाही पडला होता. अशा मार्गांविषयी जमेल तेवढे वाचल्यावर माझे मत असे झाले आहे, की ‘पर्यटकांसाठी रेल्वे’ या शब्दप्रयोगात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. पर्यटकाला एखाद्या ठिकाणापर्यंत पोहोचवणारी गाडी ही एक गोष्ट, आणि स्वतःच पाहण्याचे ठिकाण झालेली गाडी ही दुसरी.

पहिल्या प्रकाराचे अलीकडचे चांगले उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील एक्सेटर ते ओकहॅम्प्टन हा मार्ग. डार्टमूर राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला जाणाऱ्या या मार्गावरची नियमित प्रवासी वाहतूक १९७२ मध्ये थांबली, पण जवळच्या खाणीतला दगड वाहून नेण्यासाठी रूळ टिकून राहिले. १९९७ पासून उन्हाळ्यातल्या रविवारी तेवढ्या पर्यटकांसाठी गाड्या धावत असत. रोजची सेवा सुरू झाली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी गाडी दर तासाला सोडण्यात येऊ लागली. रविवारच्या गाडीतून रोजच्या गाडीपर्यंत येण्यास जवळजवळ पंचवीस वर्षे लागली, हा तपशील मला फार बोलका वाटतो.

दुसऱ्या टोकाला इक्वाडोर आहे. तिथल्या सरकारने २००८ नंतर आपला मोडकळीला आलेला रेल्वेमार्ग मोठ्या खर्चाने दुरुस्त केला, २०१३ मध्ये राजधानी कीतो ते ग्वायाकील शहराजवळच्या दुरानपर्यंतचा संपूर्ण मार्ग खुला झाला आणि त्यावर चार दिवसांच्या आरामदायी सहलीची गाडी धावू लागली. ‘सैतानाचे नाक’ नावाच्या कड्यावर गाडी पुढे-मागे होत नागमोडी चढते, ते पाहण्यासाठी जगभरातून लोक येत. २०२० मध्ये महासाथीमुळे पर्यटक थांबले आणि त्याच वर्षी ही रेल्वे चालवणारी सरकारी कंपनी गुंडाळण्याचा निर्णय झाला. गाडीत कामाला जाणारा, बाजाराला जाणारा, शाळेत जाणारा माणूस मुळातच नव्हता. त्यामुळे ती थांबली तेव्हा कुणाचा रोजचा दिवस अडला नाही.

पोहोचवणारी गाडी पर्यटकांच्या नावाने मंजूर होत असली तरी ती जगते मंगळवारी सकाळी चढणाऱ्या प्रवाशावर, असे माझे म्हणणे आहे. हा प्रवासी मार्गावर आहे की नाही, हे आधी तपासावे आणि वाफेच्या इंजिनाची स्वप्ने नंतर पाहावीत. जाणकारांनी हे मत खोडून काढावे किंवा त्यात भर घालावी, ही विनंती.

खडी_आणि_रूळ

पांथस्थ यांनी प्रवाशापासून सुरुवात केली आहे, मी जमिनीपासून करतो. माझी नोकरी रेल्वेमार्गाच्या देखभालीत गेली आणि वापरात नसलेले मार्ग पायी तपासण्याचे काम माझ्या वाट्याला अनेकदा आले. ‘रूळ जागेवर आहेत’ हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे की आता ते ऐकले की मला धास्तीच वाटते, कारण रूळ हा त्या मार्गाचा सर्वांत वर दिसणारा आणि सर्वांत कमी फसवा भाग असतो. गंज कुठे किती खोल गेला आहे ते मोजता येते, झिजलेला रूळ बदलता येतो. फसवते ते रुळाखालचे.

लाकडी स्लीपर, म्हणजे रुळाखाली आडवा टाकलेला ओंडका, वरून अगदी धडधाकट दिसतो. त्यावर हातोडीने ठोकले की चांगला स्लीपर खणखणीत बोलतो आणि आतून कुजलेला बद्द आवाज देतो. एका मार्गावर माझ्यासोबतच्या मुकादमाने हातोडी बाजूला ठेवली, वाकून रूळ धरून ठेवणारा खिळा दोन बोटांत पकडला आणि दातातून काडी काढावी तसा अलगद वर ओढून काढला. खिळ्याला ओला भुसा चिकटलेला होता. त्या ठिकाणी स्लीपर केवळ आकाराने उरला होता.

स्लीपरच्या खाली खडी असते. तिचे काम गाडीचा भार पसरवणे आणि पाण्याला वाट करून देणे हे आहे. वर्षानुवर्षे पालापाचोळा कुजून, धूळ बसून आणि गवताची मुळे माजून खडीच्या फटी मातीने भरल्या की पाणी निचरत नाही, आणि गाडीच्या प्रत्येक चाकासरशी स्लीपर चिखलात वर-खाली होऊ लागतो. अशी खडी धुऊन-चाळून घ्यावी लागते किंवा सगळी काढून नवी टाकावी लागते. ओकहॅम्प्टनच्या मार्गावर दगडाच्या गाड्या आणि रविवारच्या गाड्या धावल्या होत्या, म्हणजे तो मार्ग पूर्णपणे मेलेला कधीच नव्हता. तरीसुद्धा रोजची गाडी सोडण्यापूर्वी तिथे सुमारे ११ मैल नवा रूळमार्ग टाकावा लागला आणि सुमारे २४,००० काँक्रीटचे स्लीपर बसवावे लागले. मग ज्या मार्गावर चाळीस वर्षांत एकही चाक फिरलेले नाही, तिथे ‘थोडीशी डागडुजी’ हा शब्द कुणी उच्चारला तर त्याने मार्ग पाहिलेला नाही असे खुशाल समजावे.

सर्वांत महत्त्वाच्या असतात त्या मोऱ्या, आणि त्यांच्याकडे कुणीच पाहत नाही. मोठा पूल सर्वांच्या नजरेत असतो, त्याचे छायाचित्र निघते, त्याच्या तपासणीला पैसेही मिळतात. भरावाखालची हातभर रुंदीची मोरी मात्र गाळाने बुजते, तिच्या दगडी कमानीत झाडाचे मूळ शिरते, पाणी वरच्या अंगाला तुंबते आणि एका पावसात शंभर वर्षे उभा असलेला भराव रात्रीतून वाहून जातो. सकाळी रूळ आणि स्लीपर शिडीसारखे हवेत लोंबकळताना दिसतात. हे दृश्य मी दोनदा पाहिले आहे.

धुके_आणि_धूर

खडी_आणि_रूळ यांचा प्रतिसाद फार आवडला. तरीही धागाकर्त्यांच्या मुख्य मुद्द्याशी मी सहमत नाही. मंगळवारी सकाळचा प्रवासी नसला म्हणजे मार्ग जगतच नाही, हे खरे नव्हे.

जर्मनीतील ब्रोकेन पर्वताचे उदाहरण घ्या. १,१४१ मीटर उंचीच्या या शिखरापर्यंत मीटर गेजची गाडी जात असे. १९६१ मध्ये पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या सीमेलगतचा हा सगळा भाग लष्करी बंदोबस्तात गेला आणि सामान्य प्रवाशांना शिखर बंद झाले. जर्मनीच्या एकीकरणानंतर हा मार्ग राखावा की मोडावा यावर बराच वाद झाला; शिखर राष्ट्रीय उद्यानात येत असल्यामुळे निसर्गरक्षकांचा गाडीला विरोध होता. शेवटी सप्टेंबर १९९१ मध्ये गाडी पुन्हा वर गेली, आणि आजही तिथे वाफेची इंजिने डबे ओढत चढतात. शिखरावर वस्तीच नाही, त्यामुळे रोज कामावर जाणाऱ्या प्रवाशाचा तिथे प्रश्नच येत नाही. मात्र शिखरावर खासगी मोटारींना बंदी आहे. पायी, सायकलने किंवा घोडागाडीतून जायचे नसेल तर गाडीवाचून गत्यंतर नाही. तिथे पाहण्याची गाडी आणि पोहोचवणारी गाडी एकच आहे, म्हणजे धागाकर्त्यांची विभागणी तिथे लागूच पडत नाही.

दुसरे उदाहरण स्वित्झर्लंडमधील फुर्का खिंडीचे. १९८२ मध्ये खिंडीखालून सुमारे १५ किलोमीटरचा बोगदा झाला, बारमाही वाहतूक त्यातून जाऊ लागली आणि वरचा जुना डोंगरी मार्ग टाकून देण्यात आला. स्वयंसेवकांनी तो हाती घेतला, १९९२ मध्ये पहिला टप्पा सुरू केला आणि २०१० मध्ये शेवटचा टप्पा जोडला. त्यासाठी जी इंजिने हवी होती ती १९४७ मध्ये व्हिएतनामला विकली गेली होती. ती १९९० मध्ये जहाजाने परत आणण्यात आली. हा मार्ग फक्त उन्हाळ्यात चालतो आणि लोक त्यासाठी मुद्दाम जातात. हौशी माणसांच्या श्रमाचे मोल ताळेबंदात दिसत नाही, म्हणून ते नाहीच असे समजू नये.

पांथस्थ (धागाकर्ता)

ब्रोकेनचा मुद्दा मला मान्य आहे, किंबहुना त्याने माझे मत थोडे बदलले आहे. गाडी सुरू करण्याचा निर्णय आणि मोटारी थांबवण्याचा निर्णय हे एकत्र घ्यावे लागतात, असे त्यातून दिसते. रस्ता रुंद करायचा, वाहनतळ वाढवायचा आणि वर गाडीही सुरू करायची, असे तिन्ही केले तर लोक मोटारीनेच येतात आणि गाडीचे छायाचित्र काढून परत जातात. माथेरानची गाडीसुद्धा याच कारणाने अर्थपूर्ण ठरते, कारण गावात मोटारींना प्रवेश नाही.

फुर्काविषयी मात्र माझा आक्षेप कायम आहे. तो मार्ग उत्तम चालतो, पण ‘पर्यटकांना पोहोचण्याची सोय’ म्हणून नव्हे. ज्यांना नुसते पलीकडे जायचे आहे ते बोगद्यातून जातात. लोकांकडून निधी मागताना वाहतुकीची सोय सांगायची आणि प्रत्यक्षात हौसेची गाडी चालवायची, हे मला अप्रामाणिक वाटते. हौसेची गाडी चालवायची असेल तर तसे स्पष्ट सांगून चालवावी.

वेळापत्रक

चर्चेत अजून कुणी वेळेचा हिशेब मांडलेला नाही, म्हणून थोडी आकडेमोड करतो. समजा, मार्ग ३० किलोमीटरचा आहे आणि जुन्या भरावामुळे व वळणांमुळे गाडीचा सरासरी वेग ताशी ३० किलोमीटर ठेवावा लागतो. एका बाजूला एक तास लागला. टोकाला इंजिन सोडवून दुसऱ्या बाजूला जोडणे, ब्रेक तपासणे आणि प्रवासी चढवणे यासाठी वीस मिनिटे धरा. म्हणजे एक फेरी दोन तास चाळीस मिनिटांची झाली, आणि आठ तासांच्या दिवसात एका गाडीच्या तीनच फेऱ्या होतात. साठ आसनांचे चार डबे धरले तर दिवसाला एका दिशेने ७२० माणसे जाऊ शकतात.

हा आकडा कागदावर बरा दिसतो, परंतु पर्यटक दिवसभर सारखा विखुरलेला नसतो. सगळ्यांना सकाळी जायचे असते आणि संध्याकाळी परतायचे असते. त्यामुळे जाताना पहिली गाडी तुडुंब भरते, दुसरी अर्धी भरते, आणि तिसऱ्या गाडीने जाणाऱ्याला वर काही पाहायला वेळच उरत नाही. परतताना याच्या नेमके उलट होते. म्हणजे उपयोगाची क्षमता ७२० नसून त्याच्या निम्म्याच्या आसपास आहे, आणि सुट्टीच्या दिवशीची मोटारींची रांग तेवढ्याने हटत नाही.

फेऱ्या वाढवायच्या तर मध्यावर गाड्या एकमेकींना ओलांडतील असे दोन रुळांचे स्थानक हवे. ते केले की दोन गाड्या चालवता येतात आणि दोन गाड्यांमधले अंतर एक तास वीस मिनिटांवर येते. पण त्याबरोबर दुसरे इंजिन, दुसरा डब्यांचा संच, सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारी जोडणी), सिग्नल, गाड्यांना मार्ग देण्याची सुरक्षित पद्धत आणि ती सांभाळणारी माणसे हे सगळे येते. एकच गाडी असलेला मार्ग चालवणे आणि दोन गाड्यांचा मार्ग चालवणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

स्कॉटलंडमधील बॉर्डर्स रेल्वेने हा धडा नीट घालून दिला आहे. १९६९ मध्ये बंद झालेल्या जुन्या मार्गाचा एडिनबरोकडचा भाग सप्टेंबर २०१५ मध्ये ट्वीडबँकपर्यंत पुन्हा सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी दहा लाखांहून अधिक प्रवास नोंदले गेले. तिथे खर्च आवरण्यासाठी दुहेरी मार्गाची लांबी आधीच्या आराखड्यापेक्षा कमी करण्यात आली होती, आणि एक गाडी उशिरा आली की समोरची गाडीही अडकते, ही तक्रार तेव्हापासून चालू आहे. पर्यटनाच्या दृष्टीने त्यांनी एक गोष्ट मात्र दूरदृष्टीने केली. शेवटच्या स्थानकाचे फलाट लांब बांधले, त्यामुळे रोजच्या छोट्या गाड्यांखेरीज सहलीच्या लांबलचक खास गाड्यांनाही तिथे थांबता येते. मार्ग रोजच्या प्रवाशासाठी आणि फलाट पाहुण्यांसाठी, हे प्रमाण मला योग्य वाटते.

दुचाकी_भटकंती

विषयाला थोडे वळण देतो. रूळ काढून त्या जागी सायकलवाट करावी, हा पर्याय रेल्वेप्रेमींना आवडत नाही, पण पर्यटकांची ये-जा हाच हेतू असेल तर त्याचा विचार व्हायलाच हवा. न्यूझीलंडमध्ये १९९० मध्ये बंद झालेल्या ओटागो सेंट्रल मार्गावर २००० मध्ये सुमारे १५० किलोमीटरची वाट खुली झाली. रेल्वेचा चढ मुळातच सौम्य असतो, त्यामुळे वयस्कर माणसेही तिथे सायकल चालवतात. या प्रवासाला काही दिवस लागतात आणि प्रवासी वाटेवरच्या छोट्या गावांतून मुक्काम करतो. गाडीतला पर्यटक त्याच गावांना खिडकीतून हात हलवून पुढे गेला असता.

खडी_आणि_रूळ

यात मला विरोध करण्यासारखे काही दिसत नाही, फक्त एक सावधगिरी सांगतो. वाट करताना जमिनीचा पट्टा सलग राहिला पाहिजे. अमेरिकेत १९८३ च्या कायदादुरुस्तीने अशी सोय झाली, की मार्ग वाटेसाठी वापरात असला तरी तो पुढे रेल्वेसाठी परत घेता यावा. पट्टा तुकड्या-तुकड्यांनी विकला गेला, त्यावर घरे उभी राहिली, की तो परत मिळणे जवळपास अशक्य असते. कुजलेला स्लीपर बदलता येतो, पण मधोमध बांधलेले कुणाचे राहते घर हटवताना न्यायाचा आणि माणुसकीचाही प्रश्न येतो, आणि तो यायलाच हवा.

शेवटचा_थांबा

मी अभ्यासक नाही, केवळ प्रवासी आहे, म्हणून एकच अनुभव सांगते. पुन्हा सुरू झालेल्या एका डोंगरी मार्गावर मी आईला घेऊन गेले होते. गाडी सुरेख होती, खिडकीतून दिसणारे दृश्य अविस्मरणीय होते आणि गाडी अवघी सात मिनिटे उशिरा पोहोचली. आम्ही बाहेर आलो तेव्हा पुढे घेऊन जाणारी बस फाटकातून वळत होती. तिच्या मागच्या काचेवरचा दिवा मला अजून आठवतो. पुढची बस दोन तासांनी होती, सावलीला एकच बाक होते आणि त्यावर आधीच पाच माणसे बसलेली होती. चौकशी केली तेव्हा कळले, की बस एका खात्याची आणि गाडी दुसऱ्याची असून बसने गाडीसाठी थांबावे असा काही नियम नाही. परतताना आम्ही टॅक्सी केली आणि पुढच्या वेळी घरूनच मोटार काढली.

जुनी स्थानके गावापासून किंवा प्रेक्षणीय स्थळापासून दूर असतात, कारण मार्ग आखणाऱ्यांनी चढ पाहिला होता, पर्यटक पाहिला नव्हता. ओकहॅम्प्टनचे स्थानकही गावाच्या वरच्या अंगाला, चढावर आहे. आपण सर्वांनी स्थानकापर्यंतची चर्चा फार चांगली केली आहे. त्यापुढच्या दोन-तीन किलोमीटरची जबाबदारी कुणाची, हे ठरल्याशिवाय माझ्या आईसारख्या प्रवाशाच्या दृष्टीने तो मार्ग सुरू झालेला नाही.

वेळापत्रक

शेवटचा_थांबा यांच्या प्रतिसादापुढे माझी सगळी आकडेमोड फिकी आहे. गाडी येईपर्यंत बसने थांबायचे आणि शेवटची बस आल्याशिवाय शेवटची गाडी सोडायची नाही, एवढ्या दोन अटी करारात लिहून घेता येतात. त्यासाठी नवा रूळ लागत नाही.

धुके_आणि_धूर

एक प्रश्न राहून जातो आहे. मार्ग पूर्ण सुरू होत नसेल तर अर्धा सुरू करावा का? फ्रान्स आणि स्पेन यांना जोडणारा कॅनफ्रँकचा मार्ग मार्च १९७० मध्ये फ्रान्सच्या बाजूला एक मालगाडी घसरून पूल कोसळल्यामुळे बंद झाला. १९२८ मध्ये उघडलेली सीमेवरच्या कॅनफ्रँक स्थानकाची २४१ मीटर लांबीची इमारत कित्येक वर्षे ओस पडली होती. २०२३ मध्ये तिथे हॉटेल सुरू झाले. फ्रान्समध्ये २०१६ पासून गाडी बेदूपर्यंत येते, स्पेनच्या बाजूने कॅनफ्रँकपर्यंत येते, आणि मधला बोगद्याचा भाग अजून तुटलेलाच आहे. इमारत पाहायला लोक येतात, पण पलीकडे जाता येत नाही.

पांथस्थ (धागाकर्ता)

अर्धा मार्ग सुरू करण्यास माझी हरकत नाही, फक्त तो अर्धा भाग स्वतःच्या पायावर उभा राहणारा असावा. बेदूच्या गाडीने त्या खोऱ्यातल्या लोकांची सोय होते, म्हणून ती ठीक आहे. जंगलात मध्येच थांबून परत फिरणारी गाडी मात्र दोन हंगामांत लोकांच्या मनातून उतरते.

आता खडी_आणि_रूळ यांना एक शेवटची विचारणा करतो. एखाद्या गटाकडे पैसे अगदी थोडे आहेत आणि अजून काहीच ठरलेले नाही, तर पहिला खर्च त्यांनी कशावर करावा?

खडी_आणि_रूळ

पायी चालण्यावर. त्यांनी एक जाणता मुकादम सोबत घ्यावा आणि मार्ग दोनदा चालावा, एकदा कोरड्या दिवसांत आणि एकदा भर पावसात. कोरड्या दिवसांत प्रत्येक मोरीला क्रमांक देऊन तिची दोन्ही तोंडे वहीत उतरवावीत. पावसात त्याच वहीनुसार पुन्हा जावे आणि किती ठिकाणी पाणी मोरीतून जाते, किती ठिकाणी वरच्या अंगाला तुंबून राहते आणि किती ठिकाणी ते भरावाच्या कुशीतून पाझरते, हे लिहावे. पाझरणारे पाणी स्वच्छ असेल तर एक वेळ थांबता येते. ते गढूळ असेल तर भराव आतून वाहून चालला आहे असे समजावे.

दुसरे असे, की मार्ग सुरू करण्याचा खर्च सगळेच मांडतात, पण तो सुरू ठेवण्याचा खर्च वहीत नसतो. नेरळ ते माथेरान हा १९०७ सालचा छोटा मार्ग २०१९ च्या पावसात ठिकठिकाणी वाहून गेला. वरच्या टोकाला अमन लॉज ते माथेरान एवढ्या छोट्या पट्ट्यात गाडी तुलनेने लवकर सुरू झाली, पण नेरळहून थेट गाडी पुन्हा सोडायला ऑक्टोबर २०२२ उजाडले. फुर्काच्या मार्गावर तर हिमकडे कोसळण्याच्या धोक्यामुळे स्टेफेनबाखचा पूल दर शरद ऋतूत चक्क दुमडून ठेवतात आणि उन्हाळ्यापूर्वी पुन्हा उलगडतात. हे काम १९२५ पासून चालू आहे. तेव्हा पूल दुमडणारी आणि मोऱ्या उपसणारी माणसे गाडी बंद असलेल्या महिन्यांतही पगारावर असतील का, हे त्या गटाने आधी लिहून काढावे. मुकादमाची मजुरी सोडली तर या कामाला एक वही, एक टेप आणि गुडघाभर उंचीचे बूट एवढेच लागते.